वरून तिसरे बटण

ता. ४ मार्च, मंगळवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र सुरू करताना मी दुकानाच्या माळ्यावर कापडाच्या ताग्याला टेकून बसलो आहे आणि डाव्या हाताची बोटे हलतात का ते पाहतो आहे. करंगळी हलत नाही. शेजारचे बोट थोडे हलते. पट्टी आणखी दोन आठवडे राहणार आहे. उजवा हात ठणठणीत आहे म्हणूनच हे पत्र येते आहे, तेव्हा तू लगेच निघून येऊ नकोस.

घडले ते क्रमाने लिहितो. मंगळवार, ता. १८ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी मी दोऱ्याची रिळे घेऊन बाजाररस्त्याने परतत होतो. पोलीस रस्त्याकडेच्या विक्रेत्यांना उठवत होते. चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्याला हत्यारे गोळा करायला वेळ लागत होता, म्हणून एका फौजदाराने त्याच्या पेटीला लाथ घातली. मी एवढेच म्हणालो की साहेब, दोन मिनिटे द्या, मी उचलून देतो. त्याने मला गचांडी धरून ठाण्यात नेले. त्याच्या छातीवर नावाची पट्टी नव्हती. त्याने थोबाडीत मारली तेव्हा तोल जाऊ नये म्हणून मी त्याचा शर्ट धरला. त्याने माझा डावा हात दाराच्या चौकटीवर दाबला आणि दार ओढले. ठाण्याच्या वहीत मी पाय घसरून पडलो असे लिहिले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कसलाही गुन्हा न नोंदवता सोडून दिले.

आता घोटाळा ऐक. तुला ठाऊक आहे, खाली मामा गिऱ्हाइकाचे माप घेतात आणि जिन्यातून मोठ्याने आकडा सांगतात. मी वर तो तसाच मोठ्याने म्हणतो आणि मापवहीत लिहितो. गिऱ्हाइकांची तोंडे मी पाहिलेली नाहीत, मला त्यांचे फक्त क्रमांक माहीत. या फौजदाराचाही चेहरा अनोळखी होता, पण शर्ट माझा होता. डावा खांदा अर्धा इंच खाली, म्हणून आत मी बसवलेली पातळ गादी. माप क्रमांक ४१. असा खांदा आमच्या वहीत दुसरा नाही.

आणि त्या शर्टाचे बटण माझ्या मुठीत राहिले होते. टाचण्या आणि बटणे तोंडात धरायची सवय आपल्या धंद्यात सगळ्यांनाच असते. त्यांनी माझे खिसे, चपला, कमरपट्टा सगळे तपासले. बटण रात्रभर माझ्या गालात होते. आता पाकिटात आहे, वर तारीख घातली आहे.

ता. २४ ला मी वरच्या कार्यालयात तक्रार दिली. ‘कोणाविरुद्ध’ या रकान्यात ‘अनोळखी अधिकारी’ असे लिहिले, कारण खांद्यावरून ओळखले म्हटले तर हसतील. कारकून म्हणाला की मग चौकशी काय वाऱ्याची करायची?

खरी काळजी वेगळीच आहे. त्याच ठाण्याचे वर्षाला साठ जोड गणवेश आपण शिवतो. पाण्यात राहून माशाशी वैर. मामा याबद्दल चकार शब्द बोललेले नाहीत. फक्त माझे मशीन त्यांनी खिडकीजवळ सरकवून ठेवले आहे, एका हाताने काम करताना उजेड लागतो म्हणून.

तुझा लोभ दुहेरी टिपेचा आहे. तो उसवणार नाही या भरवशावर,
तुझा धाकटा भाऊ


ता. ८ मार्च

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद. आणि एक चापट, ती सध्या उधार.

चौदा दिवस हे पोटात ठेवलंस, आणि पंधराव्या दिवशी कळवतोस काय, तर लगेच निघून येऊ नकोस! मी कचेरीच्या मागच्या खोलीत पाच मिनिटं रडले. मग तोंड धुऊन तुझं पत्र आमच्या वकीलबाईंना वाचून दाखवलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नऊ वर्षं मी त्यांची टंकलेखिका आहे. फी डोळ्यांसमोर नसेल तेव्हाच त्या चष्मा काढतात.

तर नीट वाच. रस्ते दोन आहेत. एक तक्रारीचा. ती त्यांच्याच वरच्या साहेबांकडे जाते, चौकशी तेच करतात, झालीच तर शिक्षाही तेच देतात. दुसरा दिवाणी दाव्याचा. तो न्यायाधीशांसमोर चालतो. त्यात तुरुंग नाही, नुकसानभरपाई आहे. पण निकालात लिहिलं जातं की हे या माणसाने केलं. तुझ्या अख्ख्या पत्रात पैशाचं अक्षर नाही, म्हणजे तुला ते लिहिलेलंच हवंय. त्यांच्या वहीत ‘पाय घसरून पडला’ असं आहे, ते तुला खोडायचंय. हो ना? मग दोन्ही रस्ते धरायचे, आणि आपण जिंकणार हे मी आत्ताच सांगून ठेवते.

‘अनोळखी’ काय म्हणून लिहिलंस? लोक तोंडावरून ओळखतात, तू खांद्यावरून ओळखतोस. ओळख ती ओळख. मामांच्या गिऱ्हाइकांच्या वहीत ४१ समोर नाव असेल, ते घालून पुरवणी अर्ज दे आणि पोच मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. कारकून वैतागला तर त्याला वैतागू दे, त्याला पगार आहे. डॉक्टरांचा कागद घे. दोन प्रती.

बटणाच्या मागे लोंबणारा दोरा काढू नकोस. तुला नीटनेटकेपणाचा रोग आहे म्हणून बजावते. आणि सर्वांत महत्त्वाचं, तो शर्ट कधी ना कधी बटण लावायला दुकानात येईल. आला तर त्याला सुई लावायची नाही. कागदात गुंडाळून ठेव आणि मला कळव. उसवलेल्या जागेचा तो शर्ट म्हणजे अर्धा दावा आहे.

मामांची काळजी तू करू नकोस. ते बोलत नाहीत तेव्हा मनात कापड बेततात.

जेवत जा, म्हणजे माझा लोभ अंगी लागेल.
ताई


ता. १५ मार्च, शनिवार, दुपारी एक वाजता, दुकान जेवणासाठी बंद असताना

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र गुरुवारी, ता. १३ ला मिळाले. शर्ट बुधवारी, ता. १२ ला येऊन गेला.

मी पट्टी बदलायला दवाखान्यात होतो. सकाळी अकराला शिपाई शर्ट घेऊन आला, साडेअकराच्या आत बटण लावून घेऊन गेला. मला हे दुरुस्तीच्या वहीवरून कळले. मामांच्या अक्षरात नोंद आहे, ‘माप ४१. वरून तिसरे बटण गेले. लावले.’ खाली नेणाऱ्याची सही. पैसे दिले नाहीत, साहेब देतील म्हणाला.

मी वही हातात घेऊन खाली गेलो. मामांनी माझ्याकडे पाहिले आणि कातरीला तेल घालू लागले. मी काही विचारले नाही. काय विचारायचे? साठ जोड आहेत, दुकानाचे भाडे आहे, मशीनचा हप्ता आहे. मला वाढवले त्यांनी. आठवीत शाळा सोडली तेव्हा हातात काम दिले त्यांनी. एका बटणासाठी त्यांनी दुकान बुडवावे असे मी कसे म्हणू? पण ताई, त्यांनी मला आधी सांगायला हवे होते. दोन दिवस आम्ही बोललेलो नाही. मापेसुद्धा ते चिठ्ठीवर लिहून जिन्यात ठेवतात.

पुरवणी अर्ज दिला, पोच घेतली. कारकुनाने नाव वाचले आणि पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने शिक्का मारला. पोच हातात येईपर्यंत मी खिडकी सोडली नाही.

आता नुसते बटण उरले. शर्टाशिवाय बटणाला कोण विचारतो? सरकारी बटणे सगळी सारखीच.

तुझ्या लोभाची आज जरा जास्त गरज आहे.
तुझा भाऊ


ता. २० मार्च

चि. भाचीस,
अ. आ.

पत्र लिहायची मला सवय नाही. चुकलं तर हसू नकोस. हसलीस तरी कळू देऊ नकोस.

बटण मी लावलं. कशासाठी लावलं हे पोराने ठरवून टाकलंय, मला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. न विचारता सांगत बसलो तर ती सारवासारव होते.

तुला सांगतो. छत्तीस वर्षं झाली सुई धरून. बटण नसलेला शर्ट समोर आला की हात माझं ऐकत नाही. बाहेर शिपाई तंबाखू मळत उभा, मी बटणपट्टी सरळ केली, दोरा ओवला, लावलं, गाठ मारली. दोरा दातांनी तोडताना नजर खाली गेली. तिथलं कापड ओढलेलं होतं. बटण झिजून पडतं तेव्हा कापड ओढलं जात नाही. मग आतला क्रमांक पाहिला. एकेचाळीस. तेवढ्यात शिपाई म्हणाला, झालं का मास्तर? झालं होतं. देऊ नको म्हणायलाही तोंड उघडेना. साठ जोडांसाठी नाही. आपण काय करून बसलो या लाजेने.

पुढचं मात्र नीट ऐक. पोरगा बटणाखालच्या दोऱ्याला सात वेढे घालतो. मोजून सात. मी हजारदा हसलोय त्याला. मी डावखुरा, मी चारच घालतो आणि माझे उलटे पडतात. त्या शर्टावर सहा बटणं त्याची आहेत आणि वरून तिसरं माझं. हे पाहायला चष्माही लागणार नाही. पाकिटातल्या बटणाला त्याचाच दोरा आहे, मी पाहून घेतला, तो झोपला होता तेव्हा. आणि सहीशिवाय कपडा दुकानाबाहेर जायचा नाही, हा नियम त्याचाच. त्यालाही मी हसलो होतो. आता हसणं माझ्याच अंगावर आलं.

तुमच्या बाईंना विचार, असलं कोर्टात चालतं का? चालत असेल तर मी शपथेवर सांगतो. साठ जोड गेले तर गेले. माणसं उघडी फिरणार नाहीत, कोणी ना कोणी शिवून घेईलच.

पोराला हे पत्र दाखवू नकोस.
तुझा मामा, लोभाच्या बाबतीत थोडा आखूड बेतलेला


ता. २४ मार्च

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

मामांचं पत्र सोबत जोडलं आहे. त्यांनी दाखवू नकोस म्हणून लिहिलंय. त्यांना खरंच दाखवायचं नसतं तर त्यांनी ते मला लिहिलंच नसतं. वाच आणि जिना उतर.

बाकी सगळं नंतर.
ताई


ता. २ ऑगस्ट

ती. मामांस नमस्कार आणि चि. टाचणीस आशीर्वाद. कागद महाग झालाय, एकाच पत्रात दोघं बसा.

पहिली बातमी तुम्हाला माहीत आहेच. तक्रारीच्या चौकशीत ‘तथ्य आढळले नाही’. स्वतःच्या पाठीत स्वतः कोण बुक्की मारतं? त्याचं वाईट वाटून घेऊ नका. साठ जोड बंद झाल्याचंही कळलं. मामांनी ते कळवलं नाही, टाचणीने कळवलं, तेही कुठल्या वारी, किती वाजता, त्यासकट. आणि शिपायाने येऊन निरोप दिला की दावा काढून घ्या, काम परत मिळेल, तेव्हा मामांनी त्याला आधी मागच्या बटणाचे पाच द्या म्हणून सांगितलं, हे वाचून बाई इतक्या हसल्या की पक्षकार दारातच थबकला.

दुसरी बातमी ताजी. जूनमध्ये आपण दावा लावला, त्याला फौजदाराचं लेखी उत्तर आलं. मीच त्याच्या तीन प्रती टंकलिखित केल्या. म्हणतो, त्या वेळी मी ठाण्यात नव्हतोच. बटण तुटलं हे धादांत खोटं. माझ्या शर्टाची सगळी बटणं पहिल्या दिवसापासून जिथल्या तिथे आहेत, आणि पुरावा म्हणून तो शर्ट मी कोर्टात जमा करतो आहे.

मामा, जमा करतो आहे! स्वतःच्या हाताने! शर्टाला बटण नसतं तर त्याने तो जाळला असता. तुम्ही बटण लावलंत म्हणून तो निर्धास्त झाला. बटण लावायला शर्ट कुठे दिला होता हे त्याने शिपायाला विचारलेलंही दिसत नाही. असली कामं शिपायाची. आणि बटण बटणासारखंच दिसतं असं त्याला वाटतं, कारण जन्मात एकही लावलेलं नाही.

शर्ट आता मोहोरबंद आहे. तुम्ही दोघांनी तोंडं मोहोरबंद ठेवा. मामा, खास तुम्ही.

तारखा पडतील, पुढे जातील, कंटाळू नका. टाचणीचं ‘बोललो’ एवढ्या एका शब्दाचं कार्ड मी आरशाला लावून ठेवलंय.

दोघांवर सारखाच लोभ, मापात पाप नाही.
ताई


ता. १९ ऑगस्ट, बुधवार, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या वर्षी जूनमध्ये लावलेल्या दाव्याला चौदा महिने झाले आणि आज साक्षी झाल्या. मी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसून लिहितो आहे. शेजारी मामा बाईंच्या काळ्या कोटाची उसवलेली बाही शिवत आहेत. सकाळपासून त्यांना ती बाही दिसत होती. साक्ष संपेपर्यंत त्यांनी कसाबसा धीर धरला. कचेरी सांभाळायला तू मागे राहिलीस ते बरे झाले, नाहीतर तू न्यायाधीशांनाही दुरुस्त केले असतेस.

सकाळी फौजदाराने शपथेवर पुन्हा तेच सांगितले, सगळी बटणे पहिल्या दिवसापासूनची आहेत. मग मामा उभे राहिले. न्यायाधीशांनी मोहोर फोडून शर्ट टेबलावर पसरला. मामांनी हात न लावता सांगितले की वरून तिसरे बटण उचलून बघा, खाली चार वेढे आहेत आणि डावीकडून घातलेले आहेत. बाकीच्या प्रत्येकाखाली सात, उजवीकडून. न्यायाधीशांनी स्वतः मोजले. मग पाकिटातल्या बटणाचा दोरा मोजला. सात.

फौजदाराच्या वकिलांनी टोमणा मारला की मास्तर, एवढे बारीक कोणाच्या लक्षात राहते? मामा म्हणाले की वकीलसाहेब, तुमच्या कोटाचे दुसरे बटण घरी कोणीतरी रागात लावलेले आहे. सगळी खोली हसली. वकिलांनी बटणावर हात ठेवला तो शेवटपर्यंत काढला नाही. मग दुरुस्तीची वही आली, तारीख आली, शिपाई आला. त्याने सही आपलीच आहे हे मान खाली घालून कबूल केले.

माझी पाळी आली तेव्हा वकील म्हणाले की खांद्याची गोष्ट मनाची आहे, कागदावरचे आकडे कोणीही लिहील. न्यायाधीशांनी विचारले की टेप आहे का? ताई, टेप माझ्या खिशात नसतो असा दिवस नाही. ते म्हणाले की मग घे माप.

दीड वर्षाने मी त्याच्या इतक्या जवळ उभा राहिलो. टेपचे टोक माझ्या हातून दोनदा सुटले. तो माझ्या डोक्यावरून समोर भिंतीकडे पाहत होता. मग टेप त्याच्या खांद्याला लागला, आणि कसे कोण जाणे, पुन्हा सुटला नाही. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात मी टोक धरले. करंगळी वाकत नाही, ती बाजूला ताठ उभी होती. न्यायाधीश मापाकडे पाहत नव्हते, तिच्याकडे पाहत होते.

दुकानातल्या सवयीने मी आकडा मोठ्याने म्हणालो. डावा खांदा, अर्धा इंच खाली. आणि मागच्या बाकावरून मामा तितक्याच मोठ्याने म्हणाले, अर्धा इंच खाली. त्यांचा हात हवेत लिहीत होता. कोर्टात असे ओरडायचे नसते हे त्यांच्या नंतर लक्षात आले. न्यायाधीश लेखनिकाला म्हणाले की लिहून घ्या.

मी त्यांना नेहमी जिन्याखालून ऐकले आहे. आज ते माझा आकडा म्हणाले.

बाही झाली. मामा दोरा तोडत आहेत. चार वेढे, उलटे.

तुझ्या लोभाला आज माझ्याकडून माप नाही.
तुझा भाऊ


ता. ९ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी अकरा वाजून पस्तीस मिनिटे, निकालाची नक्कल गुडघ्यावर ठेवून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लिहिले आहे. पान सहा, ओळ अकरा. मी तीनदा वाचली आणि इथे जशीच्या तशी उतरवतो, ‘वादी पाय घसरून पडला नाही. त्याची बोटे प्रतिवादीने दारात चिरडली.’ ठाण्याच्या वहीतल्या नोंदीला हा उतारा जोडावा आणि बंद केलेली चौकशी पुन्हा उघडावी असा हुकूम आहे. चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्याला मी ती ओळ वाचून दाखवली. त्याने पुन्हा वाचायला सांगितली.

गणवेशाचे काम गेले ते गेलेच. पण निकाल ऐकायला आलेल्यांपैकी एका दवाखान्याच्या मुख्य परिचारिकेने मामांना गाठून विचारले की आमचे तीस झगे शिवाल का? मामा म्हणाले की शिवू, बटणे मात्र हा लावील. माप खाली तेच घेतात, आकडा आता पूर्वीसारखा जिन्यातून येतो. करंगळी वाकणार नाही असे डॉक्टर म्हणतात. शिवताना ती ताठ राहते. मामा म्हणतात की बरे झाले, आता कापडाला बोट दाखवायला वेगळा माणूस नको.

तू हिशेब मागितला होतास, तो खाली देतो. तुझा लोभ त्यात धरलेला नाही, त्याला वही पुरणार नाही.
तुझा भाऊ

ता. क. हिशेब आजअखेर :
खर्च. दवाखाना व औषधे २,२१५. कोर्टाची फी व तिकिटे १,३४०. नकला व टपाल ४१५. बाईंचा प्रवास ९६०. एकूण ४,९३०.
देणे. बाईंची फी ६,०००, त्या निम्मीच घेईन म्हणतात, पण मी पूर्ण लिहिली आहे. मामांकडून उसने ३,०००. मामांशी न बोललेले दिवस पंधरा, हे रोज थोडे थोडे फेडतो आहे.
येणे. निकालाप्रमाणे फौजदाराकडून ६०,००० आणि त्याच्या खात्याकडून २५,०००, मुदत तीन महिने. ताईकडून चापट एक.
शिवाय माप क्रमांक ४१, वरून तिसरे बटण लावणे, ता. १२ मार्च, मजुरी रुपये ५. अजून आलेले नाहीत. मामा म्हणतात की मोठी रक्कम कोर्ट वसूल करील, हे बिल मात्र आपण आपले वेगळे पाठवायचे, कारण काम चोख झालेले आहे.